वाळूत रोवलेल्या काड्या

सर,

तुमच्या मातीवर हसनभाईंनी मेंदीची ओली फांदी रोवली, तेव्हा बाकीचे लोक दुवा मागत होते आणि मी वर बघत होतो. कावळा शोधत होतो. शिरूरच्या कबरस्तानात, भर दुपारी, हसनभाईंच्या, तुमच्या सख्ख्या भावाच्या, शेजारी उभं राहून माझ्या मनात यावं काय, तर ही काडी कावळ्याला दिसेल. तुम्ही असता तर मोठ्यानं हसला असता. मग चष्मा पुसून म्हणाला असता, "शिकलास म्हणायचं नामदेव. उशिरा, पण शिकलास."

उद्या तुमचा चाळिसावा. हसनभाईंनी निरोप पाठवलाय, सकाळच्या एस.टी.नं ये, जेवायला थांब. मी येईन. पण तिथं चारचौघांत मला बोलता येणार नाही. सभेत घसा फाडून बोलणारा मी, तुमच्या घरात गेलो की माझी जीभ टाळूला चिकटते. म्हणून आधी लिहून काढतोय.

तुम्ही दौंडच्या हायस्कुलात शास्त्र शिकवायचा आणि मी स्टेशनरोडच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचो. आपली गाठ पडली ती माझ्या एका पत्रकावरून. आमच्या वरवंडच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. चुलते चळवळीतले. त्यांचे गठ्ठे माळ्यावर असायचे आणि मी अक्षरं शिकलो ती 'बंधूंनो' आणि 'जाहीर निषेध' यांच्यावर. त्यामुळे मीही लिहिलं की तसंच निघायचं. त्या पत्रकाचा मथळा होता, 'नदी कुणाची? कसणाऱ्याची!' भीमेच्या पात्रात उन्हाळ्यात जी वाळू उघडी पडते, तिच्यावर कलिंगडाच्या वाड्या लावणारी भोयांची चार घरं होती. गावातले जमीनवाले त्यांना हुसकायला बघत होते, त्याविरुद्ध ते पत्रक. तुम्ही ते भिंतीवरून अलगद सोडवून छापखान्यात घेऊन आलात.

"हे तू लिहिलंस?"

"होय. का? काही चुकलं?"

"नाही. नदी कसणाऱ्याची, मान्य. पण ती पोहणाऱ्याची, उडणाऱ्याची आणि सरपटणाऱ्याचीपण आहे. पुढच्या वेळी तेवढं घाल."

मी म्हणालो, "माणसं उपाशी असताना पाखरांचं कुठं घालू?"

"त्याच ओळीत," तुम्ही म्हणालात. "दोघंही एकाच वाळूवर राहतात."

मला राग आला होता. अगदी खरं सांगायचं तर त्या रागातच मी पुढच्या रविवारी तुमच्यामागं नदीवर आलो, तुम्हाला खोटं पाडायला.

तुम्ही पोरांना आणि पोरींना वाळूत बसवून खाडी शिकवत होता. दौंडच्या मुलांना, ज्यांनी समुद्र सोडा, कल्याणच्या पुढचं स्टेशनसुद्धा पाहिलं नव्हतं. तुम्ही शिक्षक व्हायच्या आधी काही वर्षं कोकणात एका खाडीवर पाखरांचा अभ्यास करणाऱ्या माणसाच्या हाताखाली काम केलं होतं. तिथून आणलेली एक बरणी तुमच्याजवळ होती, तळाशी काळा चिखल आणि त्यात कांदळाची एक लांब, वाळलेली शेंग. झाडावर असतानाच मोड फुटलेली, चिखलात पडली की उभी राहणारी. ती शेंग पोरांच्या हातोहात फिरली.

"खाडी म्हणजे गोडं पाणी आणि खारं पाणी यांचं रोजचं भांडण," तुम्ही सांगत होता. "भरती आली की समुद्र आत घुसतो, ओहोटी लागली की नदी त्याला ढकलते. कुणीच जिंकत नाही. आणि त्या भांडणावर मासे, कोळंबी, खेकडे, पाखरं, माणसं, सगळी पोसली जातात."

एका पोरीनं विचारलं, "सर, मंग आपल्या भीमेची खाडी कुठं हाय?"

"लांब. आपली नदी कोकणात जात नाही, बाळ. ती पूर्वेला जाते, कृष्णेला मिळते, आणि पार आंध्रात समुद्राला लागते."

"म्हंजी आपली खाडी आपल्याला दिसायची न्हाई?"

तुम्ही शेंग परत बरणीत ठेवलीत. मग म्हणालात, "मलाही दिसलेली नाही. जाऊ कधीतरी सगळे."

ते 'कधीतरी' आता माझ्याकडे राहिलंय, आणि मला त्याचं काय करावं कळत नाही.

येताना तुम्ही मला सुरय दाखवला. डोक्यावर काळी टोपी, पिवळी चोच, लाल पाय, शेपटी कातरीसारखी. तो घरटं बांधत नाही, उघड्या वाळूत नुसता खळगा करतो आणि अंडी वाळूच्याच रंगाची घालतो, हे तुम्ही सांगितलंत. मी अंड्यापासून हातभर लांब उभा होतो आणि मला अंडं दिसत नव्हतं. तुम्ही माझी मान धरून खाली वाकवलीत. "पत्रकवाले, जरा पायाखाली बघत जा." त्या दिवसापासून तुम्ही मला पत्रकवालेच म्हणायला लागलात.

मग ते काड्यांचं झालं.

सुरय अंडी घालतो ते दिवस आणि कलिंगडं तयार व्हायचे दिवस एकच. वाड्यांत माणसांची ये-जा, बैल, पाण्याच्या घागरी. अंडी पायाखाली जात होती. तुम्हाला खाडीवरची युक्ती आठवली. तिथं वाळूच्या दांड्यावर जाळी ओढणाऱ्या माणसांना घरटी कळावीत म्हणून तुम्ही शेजारी काड्या रोवायचा, आणि ते छान जमलं होतं. तुम्ही पोरांना निरगुडीच्या काड्या तोडायला लावल्या, टोकाला लाल चिंधी बांधली आणि प्रत्येक घरट्यापाशी एकेक काडी उभी केली. गयाबाई, त्या भोयांच्यातली थोरली, स्वतःच्या लुगड्याचा काठ फाडून देत होती. "घ्या मास्तर, लगीनघरावानी दिसाया लागलं वाळवंट," म्हणत होती.

आठवड्यात अंडी नाहीशी व्हायला लागली.

आधी गयाबाईला वाटलं कोल्हं येतंय. पोरांना वाटलं मुंगूस. गावात वाटायला वेळ लागला नाही, कारण तिथं आधीच ठरलेलं होतं. पंचायतीचे आप्पा पारावर बसून म्हणाले, "वाळूत राहतंय कोण? मंग अंडी खातंय कोण?" दौंड स्टेशनातून कलिंगडं मालगाडीच्या वाघिणीनं बाहेर जायला लागल्यापासून आप्पांच्या पुतण्याचा त्या वाळूवर डोळा होता, आणि आता त्यांच्या हातात कारण आलं. शाळेनं जपलेली अंडी भोयांनी खाल्ली. यंदा दिवाळीनंतर वाळूचे वाफे वाटताना त्यांना देऊ नयेत.

तुम्ही मात्र कुणावर ठपका ठेवला नाही. गयाबाईच्या खोपीत सकाळपासून दुर्बीण लावून बसलात. संध्याकाळी छापखान्यात आलात तेव्हा तुमचा चेहरा वाळूसारखा झाला होता.

"कावळा आहे," तुम्ही म्हणालात. "एका काडीपाशी उतरला. खाली बघितलं. अंडं घेतलं. मग दुसऱ्या काडीपाशी. शाळा तपासायला आलेला साहेब एकेका बाकापाशी थांबतो तसा. मधल्या मोकळ्या वाळूकडे ढुंकूनसुद्धा बघितलं नाही त्यानं. त्याला आम्ही पत्ते लिहून दिले, नामदेव."

"पण खाडीवर तर चाललं होतं म्हणालात."

"खाडीवर कावळे सुकटीच्या वळणीवर असायचे. दिवसभर वाळत घातलेली मासळी. त्यांना काडीकडे बघायची गरजच नव्हती. इथं त्यांना दुसरं काय आहे? मी खाडीची युक्ती उचलली आणि खाडी तिथंच विसरून आलो."

मी तुमची समजूत घालायला गेलो आणि तुम्ही मला हातानंच थांबवलंत. दुसऱ्याच दिवशी पोरांना घेऊन गेलात आणि त्यांच्याच हातांनी काड्या उपटायला लावल्या. कारण काय, तेही सांगितलंत. एक पोरगा रडला. तुम्ही त्याला रडू दिलंत.

आप्पांकडेही गेलात. मी बरोबर होतो. आप्पांनी पाट टाकला, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि हसले. "मास्तर, तुमी देवमानूस. गरिबाला पाठीशी घालताय. घाला. पर आमाला कळतंय."

तुम्ही खरं बोललात आणि ते तुमचा चांगुलपणा म्हणून उडवून लावलं गेलं. असा अपमान मी त्याआधी पाहिला नव्हता. गयाबाईनं तेव्हाच सांगितलं, "तुमी तोंडानं सांगून काय व्हतंय मास्तर? तोंडाचं वारं. कागुद पायजे. छापून पायजे."

म्हणून पावसाळा सरल्यावर, वाळूवाटपाची बैठक जवळ आली तेव्हा, ते पत्रक, सर. आपण दोघांनी मिळून करायचं ठरवलेलं एकमेव काम.

मी रात्र जागवली नाही, तासाभरात लिहिलं. माझ्या हाताला सवयच आहे. 'वाळवंटातल्या कष्टकऱ्यांनो, जागे व्हा!' तुम्ही वाचलंत. "ते जागेच असतात," तुम्ही म्हणालात. "वेलांना पाणी पहाटे घालतात." मथळा गेला. मग तुम्ही आप्पांवरची चार विशेषणं काढलीत. मी तीसुद्धा सोडली. मग तुम्ही खिशातून एक कागद काढलात आणि म्हणालात, हे सुरुवातीला घाल.

'काड्या आम्ही लावल्या. कावळ्यांनी त्या पाहिल्या. अंडी गेली ती आमच्यामुळे. वाडीवाल्यांनी एकही अंडे घेतलेले नाही, हे मी स्वतः बसून पाहिले आहे.' खाली तुमचं नाव, शाळेचं नाव.

"हा परिच्छेद काढावा लागेल," मी म्हणालो.

"तो निघाला तर पत्रक कशाला हवं?"

"सर, पत्रकात आपली चूक कुणी लिहितं का? समोरच्याच्या हातात कोयता द्यायचा आणि आपण मान पुढं करायची?"

"मान माझी आहे ना?"

"शाळेची आहे. उद्या म्हणतील, ह्या मास्तरला पोरं घेऊन नदीवर जायला कुणी सांगितलंय? सगळं बंद पडेल. आप्पांवर हल्ला करू, ते वाळू का मागतात ते उघडं पाडू. आपल्या चुकीचं नंतर बघू. लढाईत खरं बोलायची एक वेळ असते."

"शास्त्रात नसते," तुम्ही म्हणालात. "दिसलं की लिहायचं."

"हे शास्त्र नाही. ह्यात चार घरांचं पोट आहे."

"म्हणूनच. गयाबाईची मान आत्ता कोयत्याखाली आहे, आणि ती तिथं मी नेऊन ठेवलीय. तुझ्या पत्रकात सगळ्यांच्या चुका आहेत, नामदेव. आप्पांची, पंचायतीची, सरकारची. फक्त आपली नाही. असं कुठलं पत्रक खरं असतं?"

चहा तसाच ठेवून तुम्ही उठलात. दारात थांबून म्हणालात, "पुढच्या आठवड्यात बोलू. तोवर विचार कर." रागानं नाही. तुम्ही रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

मी तुमचा परिच्छेद जुळवला होता, सर. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. त्याच दिवशी खिळे जुळवले, सुतळीनं बांधले आणि कडेला ठेवले. फक्त फर्म्यात, छपाईच्या चौकटीत, घातला नाही. मालक ओरडायचे, "अरे, त्या चार ओळींत माझे 'आ' अडकून पडलेत, लग्नपत्रिका कशा छापू?" मी म्हणायचो, थांबा, निकाल लागू द्या. कसला निकाल? मी वाट बघत होतो ती तुम्ही माघार घ्यायची. माझ्या चुलत्यांनी मला माघार न घेणं शिकवलं होतं, आणि ते मी समोर कोण आहे हे न बघता वापरत होतो.

पुढच्या आठवड्यात तुम्हाला कावीळ झाली. तुम्ही शिरूरला घरी गेलात. मी भेटायला आलो, तेव्हा तुमच्या डोळ्यांत हळद सांडल्यासारखी दिसत होती. उसाचा रस, पथ्य, झाडपाला, दवाखाना, सगळं चालू होतं. हसनभाई दारातच म्हणाले, "जास्त बोलू देऊ नकोस त्याला. तुम्ही दोघं भेटला की भांडता." तुम्ही आतून ओरडलात, "त्याला आत सोड रे, औषध तेच आहे."

मी बसलो. तुम्ही विचारलंत, "छापलं?"

"बघतोय."

"बघू नको. जुळव."

जुळवलंय, हे एवढंच मला म्हणायचं होतं. जुळवून ठेवलंय सर, बांधून ठेवलंय, तुमचे शब्द माझ्या हातांनी एकेक खिळा लावून उभे केलेत. ते ऐकून तुम्हाला बरं वाटलं असतं. पण जुळवलंय म्हटलं की तुम्ही विचारणार, मग छापत का नाहीस, आणि पुन्हा तेच सुरू. मला वाटलं, आजारी माणसाशी कशाला. बरे झाले की निवांत भांडू. मग मी थंडीचं बोललो. नदीवर शेकाटे उतरलेत, ती लांब लाल पायांची पाखरं, एवढं सांगितलं. तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "किती?" मी मोजले नव्हते. तुम्ही हसलात.

तेच शेवटचं.

मातीहून परत आलो ते तडक छापखान्यात गेलो. तुमचा परिच्छेद फर्म्यात सगळ्यात वर घातला. माझं खालचं निम्मं लिखाण काढून टाकलं, जागा उरली ती तशीच ठेवली. मालकांनी पैसे विचारले नाहीत. स्वतः हातानं यंत्र ओढलं.

वाळू वाटायची बैठक चावडीवर झाली. मी पत्रक वाटलं आणि तुमच्या चार ओळी उभं राहून वाचल्या.  आप्पा म्हणाले, "आता मेलेल्या मानसाच्या कबुलीवर काय बोलनार?"

गयाबाई मागून उठली. "जित्तेपनी दिली व्हती कबुली, आप्पा. तवा तुमी देवमानूस म्हनून हसला. आता हसा की."

कुणी हसलं नाही. मग गावातले एक म्हातारे, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, ते दाढी खाजवत म्हणाले, "मास्तर म्हनतोय चूक माझी. शाळेचं नाव घालून म्हनतोय. मंग चोरी ऱ्हायली कुठं? आन् चोरी न्हाई तर ह्यास्नी उठवायचं कारन काय?" आप्पांनी इकडंतिकडं बघितलं. कारण नव्हतं. मी चार पत्रकं लिहून जे त्यांच्या हातून काढून घेऊ शकलो नसतो, ते तुमच्या चार ओळींनी निघालं. वाळू यंदा भोयांकडेच राहिली.

मी हरलो, सर. आयुष्यात पहिल्यांदा वादात हरून मला बरं वाटलं, आणि ज्याच्यापुढं हरल्याचं कबूल करायचं तो माणूस नव्हता.

पण माझं अगदीच चुकलं होतं असंही नाही, हेही सांगतो, नाहीतर तुम्हीच म्हणाल की आता माझ्यामागं गोड बोलतोस. पत्रक शाळेत पोचलं. मुख्याध्यापकांनी शाळेचं नाव वाचलं आणि नदीवरच्या रविवारच्या फेऱ्या बंद केल्या. मी भांडायला गेलो. ते म्हणाले, "मुलाणीसर असते तर गोष्ट वेगळी होती. आता जबाबदारी कोण घेणार?" तिथं मला तुमचा आणि माझा, दोघांचाही, खरा राग आला. हेच पत्रक दिवाळीआधी निघालं असतं, तर जबाबदारी घ्यायला तुम्ही होता. त्या खुर्चीसमोर उभं राहून चष्मा पुसत तुम्ही त्यांना पटवलं असतं. पोरं आजही नदीवर असती. तुमची चार वाक्यं बरोबर होती आणि माझी भीतीही बरोबर होती. त्या दोन्हींना एकदम सांभाळणारा माणूस तेवढा आपल्या वादात वेळ जाऊन निघून गेला.

तुमची बरणी शास्त्राच्या कपाटात कुलूप लावून ठेवलीय. ती पोरगी, जिनं भीमेची खाडी विचारली होती, छापखान्यात आली होती. "सर म्हनाले व्हते जाऊ कधीतरी. तुमी नेणार का?" मी हो म्हणालो. कसं नेणार, काही माहीत नाही.

परवा वाळवंटात गेलो. गयाबाई खड्डे खणत होती, शेणखत भरत होती. रांग सरळ येत येत एका उंचवट्यापाशी थांबली आणि पलीकडून पुन्हा सुरू झाली. मध्ये चांगली दोन वाफ्यांची जागा मोकळी.

"ही कशाला सोडली?"

"मास्तरांची पाखरं हितंच बसत्यात. ह्या साली वेल न्हाई घालायचे हितं." मग कमरेवर हात ठेवून ती त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिली. "पर चैतापातूर कुनाच्या ध्यानात ऱ्हायचं? बैल घालतील. खुनंला एखादी काडी लावू का?"

आणि तिनंच जीभ चावली. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि हसायला लागलो, आणि मग ते हसणं थांबलं तेव्हा ती पदरानं डोळे पुसत होती आणि मी शेकाटे मोजत होतो. आकडा तुम्हाला सांगायला म्हणून मोजले. मग आठवलं.

काडी लावली नाही. ती जागा लक्षात ठेवायला मी रोज जाईन म्हणालो. छापखाना सुटला की.

हसनभाईंनी निरोपात लिहिलंय की तुमच्यावर लावलेल्या मेंदीच्या फांदीला पालवी फुटलीय. उद्या येईन तेव्हा बघेन. मातीच्या दिवशी दुवा झाल्यावर मी तिच्यावरून कावळे हाकलत उभा होतो, लोकांना वाटलं दुःखानं भ्रमिष्ट झालाय. उद्या नाही हाकलणार. खुशाल येऊन बसू दे कावळा. कितीही वाकून बघितलं, तरी तिथं आता त्याला नेण्यासारखं काही सापडायचं नाही.

तुमचा,
नामदेव पत्रकवाले